कपाटापलीकडचा ग्रंथपाल

(प्रस्तावना)

मावळात किंवा चाकण परिसरात राहणारा, ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेला तरुण नोकरी शोधू लागतो तेव्हा जाहिरातींत एकच शब्द शोधतो: ग्रंथपाल. तो शब्द क्वचित सापडतो. सापडला तरी जागा एकच असते, अर्ज ढीगभर आलेले असतात आणि पुष्कळदा नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावरची असते. दोन-तीन वर्षे वाट पाहून हा तरुण क्षेत्रच बदलतो. नेमके त्याच काळात, त्याच्या घरापासून फार लांब नव्हे, एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यात ऑडिटच्या आदल्या रात्री माणसे एका ड्रॉइंगची ताजी आवृत्ती शोधत बसलेली असतात. जवळच्या महाविद्यालयात एखादा प्राध्यापक पैसे भरून फसव्या नियतकालिकात लेख छापून घेतो, कारण त्याला वेळीच सांगणारे कुणी नसते. कचेरीत मोडीतल्या जुन्या नोंदींचे रुमाल उघडले जातात आणि ते वाचणारा माणूस मिळत नाही.

ही तिन्ही कामे ग्रंथपालाच्या विद्येत बसतात. नोंद करणे, वर्ग लावणे, खरे-खोटे पारखणे, हवे ते हव्या त्या माणसाच्या हाती वेळेत देणे, हीच ती विद्या. म्हणून या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट सांगायची आहे. ग्रंथपालाच्या कामाला मागणी आहे. ग्रंथपाल या पदाला मात्र ती दिसत नाही. या दोहोंतले अंतर कमी करणे म्हणजे या व्यवसायातली प्रगती. त्यातले काही अंतर आपल्याला चालायचे आहे आणि काही सरकारने व संस्थाचालकांनी. दोन्ही बाजू नीट मांडल्याशिवाय ‘करिअर’ या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. एरवी ते नुसते प्रोत्साहनपर भाषण होते.

१

आपल्याकडे ग्रंथपालन हा शिकून करायचा व्यवसाय आहे, हे फार लवकर ओळखणाऱ्यांत एक मराठी राजा होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावले. १९११ मध्ये तिथे ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. भारतातला तो पहिला मानला जातो. बॉर्डन काही वर्षांनी मायदेशी परतले, पण काम थांबले नाही, कारण तोवर इथली माणसे तयार झाली होती. जनार्दन सखाराम कुडाळकर हे त्यांपैकी एक. बडोदा राज्याच्या ग्रंथालय खात्याची सूत्रे त्यांनी सांभाळली आणि १९१९ मध्ये या चळवळीचा वृत्तान्त इंग्रजीत ग्रंथरूपाने मांडला. आधी प्रशिक्षण, मग पद आणि मग लेखन, असा हा क्रम होता. व्यवसाय म्हणून ग्रंथपालन उभे राहिले ते या क्रमाने.

शि. रा. रंगनाथन यांची गोष्ट नेमकी उलटी आहे. ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, ते या कामाची ओढ होती म्हणून नव्हे. थोड्याच दिवसांत त्यांना तिथला रिकामा वेळ खायला उठला आणि आपल्याला परत गणिताकडे जाऊ द्यावे अशी विनंती त्यांनी केली. आधी इंग्लंडला जाऊन शिकून या, मग ठरवा, असे त्यांना सांगण्यात आले. तिथे त्यांनी एकामागून एक ग्रंथालये पाहिली. सार्वजनिक ग्रंथालय मुलांना, कामगारांना, गृहिणींना कसे उपयोगी पडते हे पाहिल्यावर त्यांना या कामाचा आवाका कळला. १९३१ मध्ये त्यांची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री प्रसिद्ध झाली, १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिन मानून आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो, तसबिरीला हार घालतो. पण पद मिळाल्यावर त्या पदाचे काम त्यांनी नव्याने ठरवले, हा त्यांच्या आयुष्यातला मुख्य धडा त्या हाराखाली झाकला जातो.

तिसरे उदाहरण शंकर गणेश दाते यांचे. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची त्यांची सूची १९४४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ मध्ये. कुणा सरकारी पदाच्या कर्तव्यसूचीत असे काम लिहिलेले नसते. आजही जुन्या मराठी पुस्तकाच्या आवृत्तीचा वाद निघाला की अभ्यासक ‘दाते सूची’ उघडतो. सूचीकाराचे नावच त्याच्या कामाला मिळावे, यापरती मोठी बढती कोणती?

आपल्या मावळातल्या तळेगाव दाभाड्यालाही शिक्षण आणि काम यांची सांगड नवी नाही. कोल्हापुरातून ‘ग्रंथमाला’ हे मासिक चालवणाऱ्या विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय याच गावात नांदले आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने ते बंद पाडले. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये इथेच निघाला. तिथे काचेबरोबर काचकाम जाणणारी माणसेही तयार झाली आणि पुढे ती इतर कारखान्यांत गेली. ज्या गावात कारखान्यानेच शाळेचे काम केले, त्या गावाने ग्रंथालयाकडूनही तशीच अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

२

आता वर्तमानाकडे येऊ, आणि सर्वांत दुबळ्या कडीपासून सुरुवात करू. ती कडी म्हणजे सार्वजनिक वाचनालयातला सेवक.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली राज्यात अनुदानित वाचनालयांचे मोठे जाळे उभे राहिले. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, त्यांप्रमाणे अनुदान ठरले. जाळे एवढे मोठे असूनही त्यात काम करणाऱ्या माणसाला शासनाची वेतनश्रेणी मात्र मिळाली नाही. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने अनुदानात ६० टक्के वाढ केली. त्या वाढीनंतर ड वर्गाच्या वाचनालयाचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपयांवरून ४८,००० रुपयांवर गेले. म्हणजे महिन्याला ४,००० रुपये. त्यातला निम्मा भाग वेतनावर खर्च झाला असे धरले, तर सेवकाच्या हाती २,००० रुपये पडले. उरलेल्या २,००० रुपयांत पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि झाडलोट. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत एवढ्या पैशांत महिनाभर गेटवर उभा राहणारा माणूसही मिळणार नाही. अशा माणसाला ‘कौशल्ये वाढवा’ असा उपदेश करणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. त्याला आधी वेतन द्या, बाकीचे नंतर बोलू.

हे सांगूनही मी त्याच्यासाठी दोन-तीन गोष्टी नोंदवतो, कारण व्यवस्था बदलेपर्यंत त्याचे वय थांबत नाही. पहिली गोष्ट शिक्षणाची. ग्रंथालय प्रशिक्षणाचा प्रमाणपत्र वर्ग ही पहिली पायरी. तिथून पुढे पदवी असेल तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळत बी.लिब. आणि मग एम.लिब. करता येते. गावातल्या वाचनालयात देवघेव करता करता शिकून महाविद्यालयात गेलेली माणसे या पट्ट्यात आहेत.

दुसरी गोष्ट संगणकाची. आपल्या पुष्कळ वाचनालयांची तालिका संगणकावर आली खरी, पण ती जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत. संगणक बदलला की त्या नोंदींचा चुराडा होतो आणि लेखकाच्या नावाने शोध घेतला तर काहीच हाती लागत नाही. ही माहिती युनिकोडमध्ये आणून ‘कोहा’सारख्या मुक्त प्रणालीत किंवा ‘ई-ग्रंथालय’मध्ये नीट बसवणे हे काम कंटाळवाणे आहे, पण ज्याला ते येते त्याला शेजारची चार वाचनालये बोलावतात. जोडीला नावांच्या एकवाक्यतेची शिस्त हवी. ‘गो. नी. दांडेकर’, ‘गोपाल नीलकंठ दांडेकर’ आणि ‘गोनीदा’ हे तीन लेखक नव्हेत, हे संगणकाला ग्रंथपालानेच सांगायचे असते. आणि गोनीदांच्या तळेगावात तरी ही चूक होऊ नये!

तिसरी गोष्ट मोडीची. मोडी शिकणे ही हौस समजली जात होती. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, जिल्ह्याजिल्ह्यांत दप्तरे बाहेर आली आणि मोडी वाचकांची एकाएकी चणचण भासू लागली. दाभाडे सेनापतींच्या या मुलखात वतनांचे, इनामांचे, जमिनींचे जुने कागद घराघरांत आहेत. पुण्यात पेशवे दप्तर आहे, १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. सूची करण्याची सवय असलेला माणूस मोडी शिकला, तर तो नुसता वाचक राहत नाही, अभिलेखांचा जाणकार होतो.

३

महाविद्यालयीन ग्रंथपालाची स्थिती वेगळी आहे. इथे वर जाण्याची वाट निदान कागदावर तरी आखलेली आहे. नेट किंवा सेट झालेल्या, नियमित नेमणुकीच्या ग्रंथपालाचे वेतन विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहाव्या स्तरावर, ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. २०१८ च्या नियमांप्रमाणे पुढच्या स्तरावर जायला पीएच.डी. असेल तर चार वर्षे लागतात, एम.फिल. असेल तर पाच, नसेल तर सहा. त्यासोबत उद्बोधन वर्ग आणि संगणकीकरणाचे प्रशिक्षण. हे नियम नेमणुकीच्या दिवशीच वाचायला हवेत. पुष्कळ जण ते सहाव्या वर्षी वाचतात आणि मग प्रमाणपत्रे गोळा करत धावतात.

पण ही वाट नियमित पदावर बसलेल्यांसाठीच आहे. अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल निवृत्त झाला की ती जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते, कारभार लिपिकाकडे किंवा कुणा प्राध्यापकाकडे जातो आणि मूल्यांकन समिती यायच्या सुमारास अचानक सगळ्यांना ग्रंथालयाची आठवण होते. विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांत जागा भरलेली असते, पण पगार आणि बढती संस्थेच्या मर्जीवर. तळेगाव, वडगाव, आकुर्डी, निगडी या टापूत अशा संस्था भरपूर आहेत. त्यामुळे या पुस्तकाच्या वाचकांपैकी बरेच जण तिथेच काम करत असतील असे मी गृहीत धरतो.

त्यांच्यासाठी गेल्या काही वर्षांत कामाचे स्वरूपच पालटले आहे. प्रबंधातली उचलेगिरी तपासण्याचे नियम २०१८ मध्ये आले. साम्य १० टक्क्यांच्या वर गेले की दंडाची पायरी सुरू होते. आता तो अहवाल काढणारा माणूस बहुतेक ठिकाणी ग्रंथपालच असतो. पण अहवाल काढणे सोपे, वाचणे अवघड. संदर्भसूचीतले साम्य वगळले का, कायद्याचे कलम जसेच्या तसे द्यावे लागते हे लक्षात घेतले का, हे समजावून सांगणारा ग्रंथपाल विद्यार्थ्याचा मार्गदर्शक ठरतो, नुसते बटण दाबणारा केवळ चालक.

दुसरा बदल नियतकालिकांचा. दर्जेदार नियतकालिकांची ‘यूजीसी-केअर’ यादी २०१९ मध्ये सुरू झाली आणि तिचे काम आपल्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादी बंद केली आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. काल यादी पाहून उत्तर देता येत होते, आज निकष लावून उत्तर द्यावे लागते: संपादक मंडळ खरे आहे का, समीक्षा होते का, फी कशाची घेतात. हे ज्या ग्रंथपालाला येते, त्याच्या दालनात प्राध्यापक स्वतःहून येतात.

तिसरा बदल ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’चा. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० च्या आसपास सरकारी संस्थांना खुली झाली. पहिला टप्पा सरकारी संस्थांचा आहे. खासगी महाविद्यालयांना आपली सोय आपण पाहायची आहे. म्हणजे मुक्त नियतकालिके, ‘शोधगंगा’, ‘डेलनेट’सारखी जाळी आणि थोड्या पैशांत निवडक वर्गणी, यांतून विद्यार्थ्याला उपाशी न ठेवण्याचे कसब. श्रीमंत ग्रंथालय चालवण्यापेक्षा हे अवघड आहे आणि म्हणून त्याची किंमतही जास्त असायला हवी.

४

या पुस्तकाचा सर्वांत नवा भाग मला कारखान्यांविषयीचा वाटतो, कारण ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात त्याबद्दल फारसे बोलले जात नाही.

चाकण, तळेगाव, भोसरी, पिंपरी या पट्ट्यात वाहनांचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे लहान-मोठे कारखाने आहेत. यांतल्या बहुतेकांना आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता प्रणालीचे प्रमाणपत्र लागते. या प्रणालीतली दोनच कलमे पाहा. ग्राहकाकडून बदललेले तांत्रिक निर्देश आले की दहा कामाच्या दिवसांत त्यांचा आढावा पूर्ण झाला पाहिजे. आणि एखाद्या भागाच्या मंजुरीचे, साच्यांचे, रचनेचे कागद, तो भाग उत्पादनात आणि सेवेत असेपर्यंत आणि त्यावर आणखी एक कॅलेंडर वर्ष जपले पाहिजेत. कारखान्यात या कामाला ‘डॉक्युमेंट कंट्रोल’ म्हणतात. मास्टर लिस्ट ठेवायची, प्रत्येक ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर सांभाळायचा, नवी कंट्रोल्ड कॉपी शॉपफ्लोअरवर पोचवायची, जुनी परत घेऊन तिच्यावर ‘ऑब्सोलीट’चा शिक्का मारायचा. जुनी प्रत यंत्रापाशी राहून गेली, तर हजारो भाग चुकीच्या मापाचे निघतात.

ग्रंथालयात काम केलेल्या कुणालाही हे ऐकून आपल्या घरचेच वाटेल. दाखल नोंद, आवृत्ती, देवघेव, बाद करणे: तोच क्रम, फक्त पुस्तकाच्या जागी ड्रॉइंग. तरी या जागांवर ग्रंथालयशास्त्राची माणसे अपवादानेच दिसतात. कारण कारखान्याला ती ठाऊक नाहीत आणि त्यांना कारखाना ठाऊक नाही. अर्जात ‘वर्गीकरण व तालिकीकरण’ असे लिहिले तर मनुष्यबळ विभागाला काही बोध होत नाही. ‘तांत्रिक दस्तऐवजांचे आवृत्ती नियंत्रण, जतन कालावधीचे वेळापत्रक, शोधसूची’ असे लिहिले तर होतो.

याच वर्गातली आणखी कामे आहेत. भारतीय मानके, आयएसओ, जर्मन डीआयएन आणि वाहन उद्योगाची एआयएस मानके यांची अद्ययावत नोंद ठेवणे. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेमुळे हे ज्ञान आपल्या दाराशी आहे. नवी रचना करण्याआधी पेटंटचा शोध घेणे, हे काम तर संदर्भसेवेचेच मोठे भावंड. कारखान्याचा मालक बदलतो तेव्हा कागदांचे मोल विशेष कळते. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या प्रकल्पातले उत्पादन २०२० च्या अखेरीस थांबले आणि २०२४ च्या सुरुवातीला तो ह्युंदाईकडे गेला. अशा हस्तांतरात जमीन आणि यंत्रे मोजता येतात. पण कोणते यंत्र कधी दुरुस्त झाले, कोणती जोडणी कुठून गेली, हे ज्या कागदांत असते ते नीट लावलेले असतील तरच त्या यंत्रांचा उपयोग. ते लावणारा माणूस पगारपत्रकावर कुठल्याही नावाने असो, विद्येने तो ग्रंथपाल.

५

कृत्रिम बुद्धिमत्तेने आपली गरज संपेल का, हा प्रश्न आज प्रत्येक कार्यशाळेत विचारला जातो. या यंत्रांना उत्तर लवकर देता येते, पण ती अस्तित्वात नसलेले लेख आणि पुस्तकेही आत्मविश्वासाने संदर्भ म्हणून पुढे करतात. संदर्भ खरा आहे का हे तपासणारा माणूस पूर्वी उपयोगी होता, आता तो अपरिहार्य आहे. मात्र त्याला ते साधन स्वतः वापरता यायला हवे. जो त्याला हात लावणार नाही, त्याचे म्हणणे कुणी ऐकणार नाही.

पुस्तकाच्या उपयोगाविषयी एक सूचना. हे सलग वाचायचे पुस्तक नाही. वाचनालयातल्या सेवकाने आपले प्रकरण आधी वाचावे, महाविद्यालयातल्याने आपले. मग मात्र दुसऱ्याचे प्रकरण जरूर वाचावे. वाचनालय, महाविद्यालय आणि कारखाना यांत काम करणारी माणसे या पट्ट्यात एकमेकांना ओळखत नाहीत, ही आपली मोठी उणीव आहे. प्रत्येकाकडे दुसऱ्याला हवे असलेले काहीतरी आहे.

संस्थाचालकांना आणि शासनाला माझे सांगणे थोडक्यात आहे. रिकाम्या जागा भरा. वाचनालयाच्या सेवकाला जगता येईल असे वेतन द्या. प्रशिक्षणाला जाणाऱ्याची रजा कापू नका. इमारतीला लाखो रुपये मिळतात, माणसाला नाहीत, ही रीत मोडल्याशिवाय कुठलेही ग्रंथालय उभे राहणार नाही.

आणि वाचकहो, तुमच्यासाठी एकच आग्रह. दर महिन्याच्या अखेरीस, आपण कोणाची कोणती अडचण सोडवली, कोणते साधन शिकलो, किती नोंदी दुरुस्त केल्या, हे एका पानावर लिहून ठेवा. बढतीच्या मुलाखतीत, नव्या नोकरीच्या अर्जात आणि वेतनाच्या मागणीतही तेच पान तुमच्या बाजूने बोलेल. आयुष्यभर इतरांच्या ग्रंथांच्या नोंदी ठेवणाऱ्यांनी स्वतःच्या कामाची नोंद न ठेवणे, हे यापुढे चालणार नाही.